कोमट पत्रा

साध्या स्पीकरची पाठ सहसा गरम लागत नाही. त्याला चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर बाहेर असतो, तापतो तो. म्हणून दादाच्या बैठकीत स्पीकरमागे पडलेला चमचा उचलताना हात मागच्या पत्र्याला लागला, तेव्हा मी थबकले. पत्रा कोमट होता, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा.

फळीवर दादाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर होता, पुढे फोटोची चौकट. मी चौकट सरकवली. त्याचा दिवा बंद होता, आणि स्पीकरवर गाणं चालू. अ‍ॅम्प्लिफायरची जाड वायर स्पीकरमागे नुसती चिकटपट्टीने डकवलेली होती.

"चमचा शोधतेस की तिथेच राहायला गेलीस?" वहिनी म्हणाली.

आमचा स्पीकरचा कारखाना दोघांचा. गिऱ्हाइकं दादाची, आतली जोडणी माझी. अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच बसवायचा, ही कल्पना माझी. जाड आणि बारीक आवाज आधीच वेगळे करायचे, प्रत्येकाला त्याच्या मापाचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा. लांब वायरी नकोत, कशाला काय जुळतं ही डोकेफोड नको, आणि हळू लावलं तरी शब्द स्वच्छ. नमुना ऐकून दादा हसला होता. "प्रोफेसर, फळीवर चार डबे दिसल्याशिवाय लोक पाकीट काढत नाहीत." नमुना माळ्यावर गेला. मी स्वतःच्या कारखान्यासाठी वेगळी जागा पाहून ठेवली होती, पण दादाला सांगायला जीभ रेटेना.

"वहिनी, आवाज छान येतोय," मी म्हणाले.

"येणारच. शोरूमवाले परवा ऐकून गेले. म्हणाले, तुमच्या नवऱ्याच्या डोक्याला तोड नाही. आता दुकानभर हेच लावणार आहेत."

दादाने तिच्याकडे पाहिलं. वहिनीचा हात वाटीतच राहिला. कल्पना माझी, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"सांगणारच होतो," दादा म्हणाला.

"काय सांगणार होतास?"

"अगं, तू शोरूममध्ये जाऊन आलेख काढत बसली असतीस. बोलायला माणूस लागतो. आणि नाव तुझं काय, माझं काय, घरातच राहिलं ना?"

"मग ही खोटी वायर कुणासाठी?"

घरात येऊन फळीकडे पाहणारी मी एकटीच होते.

"आज मी येणार हे माहीत होतं. जुने स्पीकर लावून ठेवायचे होतेस."

"लावले होते सकाळी," तो हळूच म्हणाला. "ऐकवेना गं आता ते. पुन्हा काढले."

म्हणजे हसला त्या दिवशीही त्याला कळलं होतं. त्याचा कान कधीच चुकत नाही. लहानपणी मला ऐकायला त्यानेच शिकवलं.

मी चमचा ताटाशेजारी ठेवला. गाणं अजून चालू होतं, प्रत्येक शब्द स्वच्छ.

"दादा, मी कारखाना सोडतेय. हे स्पीकर मी माझ्या नावाने बनवणार."