सासू कोल्वारची गोष्ट

बोयसुनच्या चहाखान्यासमोर ही झुंबड! मोमिन ताबीब, म्हणजे वैदू, स्वतःला साप चाववून घेत होता आणि वर हसतही होता. हे कोल्वार, डोंगरातले जहाल विषारी साप, असं तो सांगत होता.

"हा करडा, शाह कोल्वार! ही काळी, विधवा कोल्वार! तांबूस ती नवरी, आणि हिरवट ही सासू कोल्वार! चौघांचं विष वेगळं, चौघांचा ताईत वेगळा. सासूचा जरा महाग, बरं का!"

लोक खदाखदा हसले आणि ताईतांवर तुटून पडले.

नर्स झुल्फिया मात्र घामाघूम होऊन गर्दी सारत होती. तिची आठ वर्षांची भाची सेवारा तिथेच घोंगडीवर कण्हत पडली होती. डोंगरात जळण वेचताना तिला खराखुरा कोल्वार चावला होता. हात कोपरापर्यंत सुजलेला, त्यावर ताईताचा दोरा करकचून बांधलेला. आणि तिचा बाप, म्हणजे झुल्फियाचा थोरला भाऊ एर्गाश, आडवा उभा.

"आका, बाजूला व्हा. विषावरचं इंजेक्शन देऊ द्या!"

"अजिबात नाही! सुई टोचली की ताईत बिथरतो. ताबीबांना चार-चार चावले, त्यांना काही झालं?"

झुल्फियाचं डोकंच फिरलं. तिने वाकून टोपलीतले साप नीट पाहिले.

"ताबीबसाहेब, हे खातात काय?"

"माणसाचं भय!"

"मग आज पोट तुडुंब भरलं असेल!" असं म्हणत तिने चहाखान्याच्या जिवंत मासळीच्या बादलीत टोपली रिकामी केली. शाह, विधवा, नवरी, सासू, सगळी उपाशी मंडळी माशांवर तुटून पडली.

"बघा! चारही पाणसाप. रंग चार, जात एकच. डोळ्याची बाहुली गोल, विषाचे दात नाहीत. कोल्वारची बाहुली मांजरासारखी उभी असते, आणि तो असा मासे धरत नाही. चला ताबीबसाहेब, सेवाराला चावला तो अजून वर डोंगरातच असेल. घाला हात!"

ताबीबाला अचानक देनोव गावाला जाणारी मोटार आठवली. तो झगा सावरत पळाला.

एर्गाशने वाट दिली. झुल्फियाने सुई टोचली, मग दोरा हळूहळू सैल केला. संध्याकाळपर्यंत सूज वाढायची थांबली. सेवाराने पाणी मागितलं, तेव्हा एर्गाश ढसाढसा रडला.

"मी जन्मभर डोंगरात राहिलो. मला कसं गं कळलं नाही?"

"कळलं असतं, आका. पण तुम्ही सापाकडे बघितलंत कुठे? तुम्ही ताबीबाकडेच बघत होतात."