जोहरा आपाची मोडकी मराठी

निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या एका मुलींच्या शाळेत पाचवीच्या वर्गाची दरवर्षी पंचाईत व्हायची. चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुली पाचवीत आल्या, की गणित, भूगोल, इतिहास, सगळंच उर्दूत. उर्दू घरांतल्या मुली घडाघडा बोलायच्या आणि कन्नड, वैजापूर या तालुक्यांकडच्या मराठी मुली तोंडाला कुलूप लावून फळ्याकडे बघत राहायच्या.

हा वर्ग अनसूयाबाईंचा. बाई वैजापूरच्या, तहसिलीतल्या कारकुनाची लेक. पण उर्दू अशी, की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. ती कमवायला बाईंनी फार खस्ता खाल्ल्या होत्या. म्हणून शाळेच्या फाटकातून आत शिरल्या, की त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघत नसे. निघाला तर लोक म्हणतील, 'बघा, शेवटी उर्दू कच्चीच!' मुलींना कळो न कळो, बाई शिकवत राहायच्या. मुली गप्प बसायच्या आणि त्या गप्प बसण्याला बाई शिस्त म्हणायच्या.

त्या वर्षी गणिताला जोहरा आली आणि या शिस्तीला दृष्ट लागली. जोहरा शहरातल्याच विणकरांच्या घरची, पंचविशीची, सदा हसतमुख. तिनं पहिल्याच दिवशी मराठी बोलायला घेतली, आणि काय ती मराठी! "माझा छत्री कुठं गेला? तो रुसली काय?" मराठी मुली पोट धरधरून हसल्या. जोहरानं अट घातली, की माझं चुकलं तर जरूर सांगा, पण सांगायचं उर्दूत. झालं! आपाची चूक काढायच्या हौसेनं मुक्या पोरी वेडीवाकडी उर्दू बोलू लागल्या आणि त्यांचं चुकलं, की आपा हसू लागली.

गणिताच्या तासाला बाई शेजारच्या वर्गावर असायच्या. तिथं तो खिदळण्याचा आवाज यायचा आणि अनसूयाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जळत होत्या त्या, सरळ सांगायचं तर. पोरी मधल्या सुट्टीत जोहराच्या पदराला लोंबकळायच्या आणि बाई दिसल्या, की भिंतीला चिकटायच्या. आणि जोहरानं त्यांना भुलवलं कशानं? मराठीनं! बाईंच्या स्वतःच्या भाषेनं! जोहराच्या उर्दूवर कोण शंका घेणार? तिला चुकण्याची चैन परवडत होती.

त्यात शाळेच्या मोठ्या बाई, शमशाद बेगम, एक दिवस सहज म्हणाल्या, "जोहरापाशी मुली बोलतात. ईदच्या सुट्टीनंतर पाचवी तिच्याकडेच द्यावी म्हणते." बाई "जशी मर्जी" म्हणाल्या.

शुक्रवारी त्या शहागंजला भाजी घ्यायला गेल्या. भाजीवाल्या मनकर्णाबाईच्या पाटीपाशी कुणीतरी हुज्जत घालत होतं.

"मावशी, ही गवार कालची हाय. मला नगा शिकवू! खालची काढा, लपवून ठिवलेली!"

"घ्या बया, तुमच्यापुढं कुणाचं काय चालतंय!"

ती जोहरा होती. खणखणीत, अडखळण नाही की चूक नाही. अनसूयाबाई जागच्या जागी थिजल्या आणि मग त्यांना इतका आनंद झाला, की भाजी न घेताच त्या परतल्या. सगळं सोंग! पोरींना कळू दे एकदा आपण कशा बनलो ते. मग बघू कोण कुणाच्या पदराला लोंबकळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात शिरून दार लावून घेतलं. या शाळेत पहिल्यांदाच त्या मराठीत बोलल्या.

"मुलींनो, तुमची आपा तुम्हाला बनवते आहे. तिला मराठी उत्तम येते. मी या कानांनी ऐकलंय. ती मुद्दाम चुकते."

वर्ग थक्क झाला. बाईंना हवं तसंच झालं.

कन्नडची भागू उठून उभी राहिली. "ते व्हय? ते तर आमाला कवाच ठावं हाय. आपा माझ्या मावशीच्या शेजारीच राहत्यात. त्या मुद्दाम चुकत्यात, आमी मुद्दाम हसतो. लई मजा येती." मग ती बाईंकडे टकमक बघत म्हणाली, "पण बाई, तुमी मराठी कुठं शिकल्या?"

"शिकले?"

"आमाला वाटलं, तुमी हैदराबादकडच्या कायस्थ. त्यांच्या घरातबी उर्दूच असती म्हनं. पण लई साफ बोलता की! अगदी आमच्यावानी!"

पोरी कौतुकानं माना हलवू लागल्या. बाईंच्या तोंडून कसंबसं निघालं, "मी वैजापूरची आहे."

मागच्या बाकावरून दमयंती उठली. तीही वैजापूरची. आईवेगळी, इथं काकाकडे राहायची. तिच्या आवाजात ना राग होता, ना उद्धटपणा.

"बाई, मला शाळेत पहिल्यांदा ताप भरला, तेव्हा तुम्ही विचारत होता काय होतंय, काय होतंय. मला उर्दूत सांगता येईना. मी आईचं नाव घेऊन रडत होते. मी काय म्हणत होते, ते तुम्हाला कळत होतं?"

सगळ्या मुली उत्तरासाठी थांबल्या. बाईंना सगळं कळत होतं, तेव्हाही.