ताल विभागातले दोन शिकाऊ

ताल विभागाला यंदा एकच विद्यार्थी मिळाला आणि सगळं तिथूनच बिनसलं.

उन्हाळी संगीत शिबिरात गिटारला चाळीस पोरं, गाण्याला त्रेपन्न, आणि ड्रम-बेस मिळून जो ताल विभाग, त्याला अकरा वर्षांची एक मुलगी. तिला शिकवायला दोन नावाजलेले म्हातारे बोलावले होते. कचेरीत याद्या टाइप करणाऱ्या माणसाला वाटलं, एका पोरीला दोन मास्तर हे काही बरोबर दिसत नाही, कुणीतरी रकाने उलटे भरलेत. माणूस कामसू होता. कुणालाही त्रास न देता त्याने चूक दुरुस्त केली. म्हणून पहिल्या सकाळी दणके फाटकाशी उतरले, तेव्हा त्यांच्या गळ्यात 'शिकाऊ' असं कार्ड पडलं.

दणके हे काही खरं नाव नव्हे. पण अडुसष्टपैकी पन्नास वर्षं ड्रम बडवल्यावर खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. 'गंजके खिळे' हा त्यांचा रॉक बँड भरात होता तेव्हा सभागृहांचे मालक कार्यक्रमाआधी खिडक्यांच्या काचा उतरवून ठेवत.

दणक्यांनी कार्ड नाकाजवळ नेऊन वाचलं आणि शिबिरप्रमुख बाईंना गाठलं. बाईंनी तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली, शिट्टी अजून गळ्यात होती. दणक्यांनी त्यांना आपण कोण, कशासाठी आलो, सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"विमा कार्डाप्रमाणे उतरवलाय," त्या म्हणाल्या. "शिकवताना पडलात तर कुणी विचारणार नाही. शिकताना पडलात तर सगळी व्यवस्था आहे."

या बोलण्यात कुठेतरी गफलत आहे हे दणक्यांना कळत होतं, पण तिच्यावर नेमकं बोट ठेवता येईना. तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. वळून पाहतात तर पाठीवर बेस गिटार आणि गळ्यात तसलंच कार्ड घेऊन साडू उभा.

दणक्यांनी पाठ फिरवली. साडूनेही फिरवली.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. हे दोघं एकाच बँडमध्ये वाजवत होते म्हणून तर ती सोयरीक जुळली. एकोणीस वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात शेवटचं गाणं दणक्यांनी संपवलं आणि साडूने ते त्यानंतर दोन सेकंदांनी संपवलं. दणक्यांचं म्हणणं, हा रेंगाळतो. साडूचं म्हणणं, हा पळतो. त्या दोन सेकंदांपायी बँड मोडला आणि बोलणं तुटलं. घरच्या जेवणावळीला एक उठला की दुसरा पानावर बसायचा. बहिणी मात्र रोज फोनवर तासभर बोलत. शिबिराचं बोलावणं आल्यावर दोघींनी आपापल्या नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं होतं की तो दुसरा काही येत नाही.

शिकाऊंची सोय वसतिगृहात होती. लोखंडी पलंग, एकावर एक. दणक्यांना खालचा मिळाला, साडूला वरचा. साडूचा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे शिडी चढायला त्याला आठ मिनिटं लागत. दणके डोळे मिटून पडून राहत आणि मनातल्या मनात पायऱ्या मोजत. पायऱ्या पाचच होत्या. दुपारी चारला दोघांना पेलाभर दूध मिळे आणि मिशी पुसल्याशिवाय पंगतीतून उठता येत नसे.

ताल विभागाची खोली तळमजल्यावर होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मध्ये ड्रमचा संच, कोपऱ्यात एक पाय वर करून ठेवलेलं मोडकं बाक. मुलगी वेळेआधी येऊन उभी होती. तिच्या गळ्यातलं 'ज्येष्ठ मार्गदर्शक' हे कार्ड पार कमरेपर्यंत लोंबत होतं. तिनेही कचेरीत जाऊन सांगून पाहिलं होतं, तिलाही विम्याचं तेच ऐकवलं होतं. मग तिने विचार केला, अंगावर काम पडलंच आहे तर ते नीट करावं.

"आधी हजेरी घेते," ती म्हणाली. "शिकाऊ एक?"

दणके भिंतीवरचे अंड्यांचे पुठ्ठे मोजू लागले. तिने वर पाहिलं आणि वाट पाहत राहिली. ती वाट पाहण्यात तरबेज होती. शेवटी दणक्यांच्या तोंडून निघून गेलं, "हजर, बाई." आणि एकदा बाई म्हटल्यावर पुढे काही इलाज राहिला नाही.

पहिले दोन दिवस तिने त्यांना नुसत्या टाळ्या वाजवायला लावल्या. तिसऱ्या दिवशी तिने मेट्रोनोम काढला. ते टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र दणक्यांनी उभ्या आयुष्यात जवळ फिरकू दिलं नव्हतं. ताल काळजात असावा लागतो, असं ते मुलाखतींत सांगत. तिने ते स्टुलावर ठेवलं आणि म्हणाली की आधी शिकाऊ एकने एकट्याने वाजवायचं.

दणक्यांनी 'खिळ्यां'चं सगळ्यात गाजलेलं गाणं धरलं. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला टिकटिक मागे पडली आणि तिसऱ्याला तर ती दुसऱ्याच गावाला निघाल्यासारखी ऐकू येऊ लागली. साडू कोपऱ्यातल्या बाकावर बसून होता. तो हसला नाही, पण त्याची पाठ इतकी ताठ झाली की न हसणंच उठून दिसत होतं.

"तुम्ही पळता," मुलगी म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. "शिकाऊ दोन."

साडू रुबाबात उठला. त्याने बेस गळ्यात अडकवला, तेच गाणं वाजवलं, आणि शेवटाला पोचला तेव्हा मुलगी पेन्सिलीला टोक काढून पुन्हा जागेवर येऊन बसली होती.

"तुम्ही रेंगाळता."

एकोणीस वर्षं दोघंही खरं बोलत होते, हे एका पोरीने सकाळी साडेदहाला ठरवून टाकलं, आणि त्याचा आनंद दोघांपैकी एकालाही झाला नाही. त्या दुपारी दणक्यांनी दूध अर्धंच प्यायलं.

मधल्या रविवारी पालकभेट होती. दोघी बहिणी सकाळीच हजर झाल्या. मुलीने त्यांना खुर्च्या दिल्या आणि वही उघडून प्रगती सांगितली. शिकाऊ एकला धीर नाही, दुसऱ्याचं ऐकून न घेता पुढे जातात. शिकाऊ दोन हुशार आहेत, पण ढकलल्याशिवाय हलत नाहीत. दोघंही वर्गात एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत देतात. थोरली म्हणाली, "घरीही असंच आहे हो." धाकटीने पदराआड तोंड लपवलं. दणके आणि साडू दाराबाहेर, भिंतीला टेकून, दोन वेगवेगळ्या दिशांना बघत उभे होते. आत चाललेलं सगळं ऐकू येत होतं, आणि त्यातलं काहीच खोडून काढता येत नव्हतं.

त्यानंतर मात्र दणक्यांनी मनावर घेतलं. ते जेवताना मोजत, आंघोळ करताना मोजत. वरच्या पलंगावरूनही रोज पहाटे आकडे पुटपुटल्याचं ऐकू येई, दणक्यांच्या आकड्यांच्या किंचित मागे.

समारोपाच्या सकाळी दणके नाश्त्याला लवकर गेले. जेवणघर रिकामं होतं. खिडकीपाशी मुलगी एकटीच बसली होती आणि टेबलाच्या कडेवर बोटांनी काहीतरी वाजवत होती. दणके दारातच थांबले. उजव्या बोटांत एक, डाव्या बोटांत दुसरंच, खाली टाचेत तिसरं, आणि सगळं एकमेकांत अलगद बसलेलं. घाई नाही, खोळंबा नाही. दणक्यांनी पन्नास वर्षांत असं फार थोड्यांचं ऐकलं होतं, आणि त्या थोड्यांत ते स्वतः नव्हते, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या पटलं.

त्यांनी विचारलं, हे वर्गात का नाही वाजवलं कधी? तिने सांगितलं की मार्गदर्शकांनी वाद्यांना हात लावायचा नाही. वाद्यं शिकाऊंच्या नावावर आहेत. करून दाखवण्यापुरती फक्त परवानगी.

"मग करून का नाही दाखवलंत?"

"तुम्हाला वाजवता येतंच की. मोजता येत नव्हतं फक्त."

मग, त्यांनी न विचारताच, ती म्हणाली की घरी ती उशीवर वाजवते, कारण भिंतीपलीकडचे काका रात्रपाळी करून दिवसा झोपतात. खऱ्या ड्रमवर एकदा बसता यावं म्हणून तिने शिबिराचा अर्ज भरला होता. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सांगितलं की आज खांदे सैल ठेवा.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला, मैदानातल्या पत्र्याच्या मंडपात होता. समोर आईबाप, आज्या, कडेवरची पोरं. गिटारवाले झाले, गाणारे झाले, मग ताल विभागाचे दोन शिकाऊ मंचावर चढले. साडूला पायऱ्यांशी चार मिनिटं लागली. मुलगी मार्गदर्शकांच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, पाय जमिनीपासून वीतभर वर.

दणक्यांनी सुरुवात केली. खरंच बरं चाललं होतं. पहिल्यांदाच साडूचा बेस त्यांना पाठीमागून नव्हे, शेजारून ऐकू येत होता. दुसरं मिनिट गेलं, तिसरं लागलं, आणि दणक्यांनी हात थांबवले. आयुष्यात चालू गाणं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. एकदा मंचाला आग लागली होती तेव्हासुद्धा नाही. मंडपात सगळीकडे कुजबुज सुरू झाली. साडूचा बेस तेवढा सवयीने आणखी थोडा वाजून मग बंद पडला.

दणक्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"बाई, मला पुढचं जमत नाही. करून दाखवता का?"

शिबिरप्रमुखांची शिट्टी ओठांपर्यंत गेली. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत एका ओळीशी थांबल्या, ती ओळ दोनदा वाचली, आणि नाइलाजाने शिट्टी खाली सोडली. मुलगी मंचावर आली. दणक्यांनी बैठक शेवटच्या खाचेपर्यंत खाली केली, ड्रम तिच्याकडे ओढला आणि काठ्या तिच्या हातात दिल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून ते पडद्याचा दोर धरून उभे राहिले.

करून दाखवणं नऊ मिनिटं चाललं.

साडू आधी नेहमीसारखा रेंगाळला, पण ती त्याच्यासाठी थांबलीही नाही आणि त्याला टाकून पळालीही नाही. ती जिथे असायला हवी तिथे होती, बस्स. साडूने तीनदा तिच्याकडे पाहिलं, चौथ्यांदा डोळे मिटले, आणि मग खरं वाजवायला लागला. दणक्यांना वाटलं, हा माणूस इतका चांगला वाजवतो हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही. समोर कडेवरची पोरंसुद्धा गप्प झाली होती. गाणं तिने आणि साडूने एकदमच संपवलं.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. मुलगी खाली उतरली ती गोरीमोरी होऊन, आणि थेट दणक्यांपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हाला पुढचं येत होतं," ती म्हणाली. "कालच तुम्ही चारदा वाजवलंत. मी वहीत खूण केली आहे."

"हो, बाई."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"हो, बाई."

काठ्या अजून तिच्याच हातात होत्या आणि त्या परत द्यायचं काही तिच्या मनात दिसत नव्हतं. दणक्यांनीही मागितल्या नाहीत. मग ती प्रगतिपत्रकं लिहायला निघून गेली.

परत येताना गाडी धाकटी चालवत होती, थोरली तिच्या शेजारी, आणि दोन्ही शिकाऊ मागे, मधल्या जागेत बेस उभा करून. गाडी मैलभर पुढे गेली. मग साडूने आपलं पत्रक उघडलं आणि खिडकीला वाचून दाखवल्यासारखं म्हणाला, "वर्तणूक, चांगली." थोड्या वेळाने त्याने ते पुन्हा वाचलं. दणक्यांच्या पत्रकावर लिहिलं होतं, 'वर्तणूक: खोटं बोलतात. ताल: सुधारणा आहे.' ते त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवलं होतं.

साडूने तिसऱ्यांदा वाचायला घेतलं.

"गप बस जरा," दणके म्हणाले.

"तू गप बस. तुझं काय लिहिलंय ते दाखव आधी."

पुढे बसलेल्या दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे आवाज चढत गेला, बेसची मान दोघांच्या मध्ये इकडून तिकडे डोलू लागली. घराकडचं वळण आलं आणि मागे गेलं, पण धाकटीने गाडी सरळ तशीच पुढे चालू ठेवली.