शब्द टाकणारं माणूस

स्पेलिंग दहादा लिहिली की पाठ होते, असं सांगणारा एकतर मास्तर असतो नाहीतर मूर्ख. पहिल्यांदा लिहिताना डोकं चालतं, पुढे नुसतं मनगट. मी ऑफिसात शिपाई आहे. क्लार्क व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते. त्यात साहेब इंग्रजी शब्द बोलतो आणि आपण लिहायचा. मागच्या खेपेला मी त्याच पेपरात आपटले. वयाच्या अटीमुळे आता ही शेवटची संधी होती.

वरळीच्या आमच्या चाळीत यासाठी रीतसर पद्धत होती. माझे वडील कोंडीराम गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांवर शब्द टाकायचे. हातात बादली असो की टमरेल, थांबायचं नाही, चालता चालता स्पेलिंग सांगायची. "सीमा, नेसेसरी." चुकलं तर लगेच सांगायचे नाहीत. दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, आणि आपण विसरायच्या बेतात असताना तोच शब्द पुन्हा अंगावर यायचा. त्यांचं बघून अख्खी गॅलरी शब्द टाकायला लागली. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं तेसुद्धा.

चाळ पाडली, टॉवरमध्ये घर दिलं. चांगलं घर आहे. चाळीच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी तिथल्या संडासाच्या रांगेत एक सकाळ काढावी आणि मग बोलावं. पण इथे दार लावलं की आपण मेलो काय आणि जगलो काय. वडील गेले, नवरा गेला. मुलगा, हर्षवर्धन, हैदराबादला. तो फोनवर म्हणाला, "आई, तुझ्याच आवाजात रेकॉर्ड कर आणि ऐकत बस. सिंपल."

केलं. आठवड्यात सगळे शब्द बरोबर यायला लागले. मी खूश. मग एकदा भाकरी करताना ओल्या बोटाने फोनवरचं रेकॉर्डिंग कुठेतरी मध्येच सरकलं आणि मला एक शब्द येईना. बुद्धवंदनेतली मधली ओळ कुणी अचानक विचारली की कशी आठवत नाही, तसं झालं. मी शब्द पाठ केलेच नव्हते. कशामागून काय येतं तेवढं पाठ केलं होतं. आपलाच आवाज आपल्याला कसा फसवणार? त्याला माणूस लागतं.

समोरच्या दारात दीपक राहतो. चाळीत माझ्या वडिलांनी शब्द टाकून टाकून दहावी पास करवलेला पोरगा. बेल वाजवली.

"बोला ताई, काही काम होतं का?"

"जाता-येता शब्द टाक रे माझ्यावर. परीक्षा आहे."

"अरे वा. लिस्ट व्हॉट्सॲप करा ना, व्हॉइस नोट टाकतो."

टाकली त्याने. वरपासून खालपर्यंत, त्याच क्रमाने, एका दमात. आणि दार तर इतकं हळू लावलं होतं, की आपटलं असतं तरी बरं. भांडायला कारण तरी मिळालं असतं.

मग दुसऱ्या विंगमधली गंगुमावशी आठवली. चाळीत आमच्या बाजूच्या खोलीत राहायची, मालवणकडची. मराठी वाचते, इंग्रजी नाही. म्हणून मी प्रत्येक शब्द मराठी अक्षरांत एकेका चिठ्ठीवर लिहिला आणि श्रीखंडाच्या डब्यात भरून नेला.

"बस गो. इतक्या दिसांनी वाट चुकलंस?" मावशी म्हणाली. घरात ती एकटीच. मुलगा-सून कामावर, टीव्ही आवाज बंद करून चालू.

डबा हलवून ती एक चिठ्ठी काढायची, चष्मा लांब धरून वाचायची. "रि-सी-ट. ह्या काय असता?"

"पावती."

"मगे पावती म्हणा ना मेल्यांनो."

मी स्पेलिंग लिहायचे. मग ती पावतीवरून रेशनच्या दुकानावर, तिथून नवऱ्याच्या गिरणीवर जायची. पुढचा शब्द चहा झाल्यावर. असा अभ्यास पुस्तकात सांगत नाहीत. पण मधल्या गप्पांत शब्द मुरायचे. ऑफिस सुटलं की मी रोज तिच्याकडे जायला लागले. सून यायच्या आधी उठायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी डबा रिकामा झाला. मी म्हटलं, "मावशी, झालं बघ सगळं." ती कप उचलायला उठली तशा तिच्या ओच्यातून चिठ्ठ्या पडल्या. एक नाही, मूठभर. मेंटेनन्स, अकॉमोडेशन, ॲक्नॉलेजमेंट. एकही मला कधी विचारलेला नव्हता.

"हे काय गं?"

तिने पडलेली एक चिठ्ठी पायाखाली झाकली.

"मावशी, माझी शेवटची परीक्षा आहे. तुला सांगितलं होतं मी."

"ठाऊक आसा माका."

"मग?"

"सगळे संपले की तू येतलंस कित्याक?"

मला भयंकर राग आला. चिठ्ठ्या गोळा केल्या, डब्यात कोंबल्या आणि निघाले. घरी त्या एकटीने विचारत बसले. स्वतःच चिठ्ठी काढायची, स्वतःच वाचायची. काय अभ्यास होणार?

दुसऱ्या दिवशी साहेब त्यातलेच चार-पाच शब्द बोलले. मी अंदाजाने लिहिलं.

निकाल लागला. नापास, तेही थोडक्यात. हर्षवर्धन म्हणाला, "इट्स ओके आई," आणि त्याला मीटिंग होती. ऑफिसातल्या प्रितीने पेढे वाटले, ती पास झाली होती. मी पेढा खाल्ला. ती आता सही करणारी क्लार्क, म्हणून तिच्या टेबलावर चहाही नेऊन ठेवला.

मावशीचा राग गेला का? नाही. माझी क्लार्कची खुर्ची तिने ओच्यात बांधून ठेवली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण रविवारी दुपारी भिंतीकडे बघत बसले होते आणि कळलं की तिच्या जागी मी असते तर डबाच लपवला असता.

गेले. मावशीने दार उघडलं आणि बाजूला सरकली.

"झाला काय परीक्षेचा?" तिने विचारलं.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी."

अशी कुठलीही परीक्षा नाही. वय संपलं माझं.

"मोठी आसा?"

"मोठी आहे. खूप शब्द आहेत."

तिने चष्मा पदराने पुसला. "मगे बस," म्हणाली.