आमटुल देशाचे त्रेसष्ट शब्द

आठवीला भूगोलाचा प्रकल्प दिला होता : स्वतःचा एक देश तयार करा. पोरांनी नकाशे आणले, झेंडे रंगवले. दिशा परबने आणला आमटुल देश, आणि त्याचा चक्क शब्दकोश. त्रेसष्ट शब्द, समोर अर्थ. खाडाखोड कुठेही नाही.

मला लगेच संशय आला. दिशा वर्गात तोंड उघडत नाही, निबंध पाच ओळींत संपवते. तिला हे सुचणार?

"कुठून उतरवलंस?"

"नाही बाई. मीच केलं."

"आणि हे शब्द?"

ती खाली बघत राहिली.

शाळा सुटल्यावर मी एकेक शब्द मोबाइलवर शोधला. काहीच सापडलं नाही. अंबादास सर म्हणाले, "संघमित्रा, आजकाल मोबाइल सगळं नवं कोरं लिहून देतो. सापडणार कसं?" दुसऱ्या दिवशी मी तिला मध्येच दहा शब्द विचारले. दहाही पटापट सांगितले. म्हटलं, पाठ करून आलीय. आईला बोलावलं, तर तीन दिवस कोणी आलं नाही. निरोपच दिला नसणार. शेवटी वही पिशवीत टाकली आणि संध्याकाळी भांडुपला तिच्या घरीच गेले.

आई, वनमाला, दारातच घाबरली. "काय केल्यान आमच्या चेडवान?"

प्रकल्पाचं तिला काहीच माहीत नव्हतं. दिशा मात्र मला बघून भिंतीला चिकटली. आता पकडली, असं मला वाटलं.

तेवढ्यात कॉटवरून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "फेरू. फेरू."

"बाबांकडे लक्ष नका देऊ," वनमाला म्हणाली. "सासरे माझे, दत्ताराम. लकवा झाल्यापासून असंच कायतरी बडबडतात. डॉक्टर म्हणाले, शब्द गेले."

मी वही काढली. फेरू : खिडकी. उठून खिडकी उघडली. म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटले.

वनमाला माझ्याकडे बघायला लागली. आता संशय तिला येत होता. "तुम्हांला कसं कळलं?"

मी वही तिच्या हातात दिली. दिशा हळूच म्हणाली, "आजोबा एका गोष्टीला रोज एकच शब्द वापरतात, आई. मी लिहून ठेवत गेले."

"मग मला सांगायचं ना गं शाळेत!" मी म्हटलं.

"पोरं हसली असती, बाई. आजोबांना येडे म्हणाली असती."

वनमाला पानं उलटत होती. मग तिने चाचरत विचारलं, "आणि सोयला? मला बघितलं की तेच म्हणतात. वर्ष झालं. मला वाटायचं शिवी देतात. मी पण उलट बोलले कितीदा."

"शिवी नाय गं आई. सोयला म्हणजे, बस जरा."

वनमालाने वही मिटली. पदराने चेहरा पुसला आणि कॉटच्या कडेला टेकली. म्हाताऱ्यांनी डोळे उघडले नाहीत.

निघताना मी वही मागितली. "राहू दे ना बाई दोन दिवस," वनमाला म्हणाली. वही परत आलीच नाही. गुण मी तसेच देऊन टाकले. दिशाची माफी मागायला मात्र मला आणखी आठवडा लागला.