मयताचा अंगठा

“मामा, मेलेल्या माणसाने शिंकू नये,” विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या.

मामांनी माफी मागितली आणि ते पुन्हा मेले. गुन्हेगारीशास्त्र विभागात शिपाई म्हणून लागल्यापासून प्रात्यक्षिक परीक्षेतलं मयत तेच. एकोणीस वर्षांत विष घालून, गळा दाबून, एकदा तर जिन्यावरून ढकलून त्यांचा खून झाला होता. ह्यांच्यावाचून परीक्षाच होत नाही, असं त्यांची बायको शेजारणींना कौतुकानं सांगायची.

तिलाही न सांगितलेली एक गोष्ट होती. एखादं पोर अगदीच गांगरलं, की मामा डाव्या पायाचा अंगठा हळूच पुराव्याकडे वळवायचे. त्या अंगठ्यावर तीन फौजदार आणि एक तुरुंग अधीक्षक पास झाले होते.

आज परीक्षेला त्यांचीच मुलगी होती. चालेल ना, असं मॅडमनी आधी विचारलं, तेव्हा मेल्यावर कसली नाती, असं मामाच म्हणाले होते. पास झाली तर प्रयोगशाळेत उमेदवारी, नाही तर आत्याचं ब्यूटी पार्लर होतंच.

पोरीनं त्यांच्याभोवती खडूची रेघ मारली, मापं घेतली, टेबलाखाली पाहिलं, कचऱ्याची टोपली उपसली. खुन्याच्या शर्टाचं बटण मात्र कपाटाच्या पायाशी होतं. चार मिनिटं उरली. मयताला घाम फुटला. अंगठा वळला.

ती थबकली. अंगठ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मग कपाटाकडे न जाता वही उघडून लिहायला बसली.

मॅडमनी काय लिहिलंस म्हणून विचारलं.

“मयताचा अंगठा रेघेबाहेर आलाय. मी रेघ मारली तेव्हा आत होता. घटनास्थळ बिघडलंय, मॅडम. आता कपाटापाशी जे सापडेल, ते मी शोधलं असं म्हणणार नाही.”

मामांचा श्वास अडकला. मयत म्हणून इतकं चांगलं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं.

मॅडमनी गुणपत्रिकेवर बराच वेळ काहीतरी लिहिलं. “बटणाचे पाच गेले,” त्या म्हणाल्या. “घटनास्थळाच्या नोंदीचे वीस मिळाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच देतेय. पास.” मग जाताजाता खाली बघून म्हणाल्या, “मामा, पुढच्या वर्षी बूट घालून मरा.”

पोरगी दारापाशी वळली. “बाबा, उठा आता. फरशी गार आहे.”

खोली पुसायचं कामही मामांचंच. त्यांनी सगळी फरशी लख्ख पुसली. डाव्या अंगठ्याभोवतीची वीतभर रेघ तेवढी ठेवली आणि तिला वळसा घालून बादली उचलली.