बिनदातांच्या तोंडातले किडे

बंद पडलेल्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध निखाऱ्यांची शेगडी, तिला खेटून पाण्याची परात. पेशंटने धुरावर वाकायचं, आ वासायचा, वरून चादर. थोड्या वेळाने चादर उचलली की पाण्यात पांढरे, वळलेले किडे!

"निघाली पिलावळ!" दंतबाबा गरजायचा. "आता तीन महिने ब्रशला हात लावायचा नाही. टोकरलंत तर आतली अंडी फुटतील, मग माझ्या नावाने बोंब मारू नका!"

बँडमधला क्लॅरिनेटवाला आज तिसऱ्यांदा आला होता. क्लॅरिनेटवर वरचे पुढचे दात टेकवावे लागतात. दात हलला की सूर हलला. वर्षभरापूर्वी ब्रशवर रक्त दिसलं, तेव्हा हा घाबरला आणि बाबाचं ऐकून त्याने ब्रशच सोडला. धुरीने दुखणं थांबायचं, म्हणून भाबड्याला वाटे, गुण येतोय. आता तो दाताला कापडाची पट्टी गुंडाळून वाजवत होता आणि बँडमास्तर त्याच्याकडे बघत नव्हता.

त्याची ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस. वर्षभर ती कानीकपाळी ओरडत होती. आज ती म्हाताऱ्या आईला घेऊन रांगेत घुसली, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, इथे तमाशा नको हं."

"गप बस. आईच्या हिरड्या दुखतायत."

आई पदराने तोंड झाकून खुर्चीवर बसली. बाबाने निखाऱ्यांवर मूठभर धुरी टाकली, चादर पांघरली, काहीतरी पुटपुटला. चादर उचलली. परातीत सात किडे.

"बघा, आजीबाईंच्या दाढा कशा पोखरल्यात!"

आईने तोंडावरचा पदर काढला आणि जबडा पसरून सगळ्यांना दाखवला. आत एकही दात नव्हता! मग कनवटीची पुरचुंडी सोडून तिने कवळी परातीशेजारी ठेवली.

"दाढा ह्या इथे आहेत, बाबा. सकाळपासून पुरचुंडीत."

हशा पिकला. बाबा म्हणाला, "हाडातले किडे आहेत!" पण तोवर ताईने त्याच्या डब्यातली धुरी उचलून निखाऱ्यांवर भिरकावली होती. खुर्ची रिकामी, चादर जमिनीवर. तडतड, तडतड. परातीत पुन्हा किडे!

"ह्या बिया आहेत," ताई म्हणाली. "तापल्या की फुटतात, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. किडा नाही, काही नाही. आणि धुराने हिरडी बधिर होते, रोग आत चालूच राहतो."

बाबाने डबा काखोटीला मारला आणि मागच्या दाराने पोबारा केला. एवढं होऊनही दाराशी एक बाई दुसरीला विचारत होती, "आता कुठे बसणार हो ते?"

दुसऱ्या दिवशी ताईच्या डॉक्टरीणबाईंनी क्लॅरिनेटवाल्याचा एक्स-रे उजेडात धरला.

"वरचे चार दात जातील. त्यांना धरून ठेवणारं हाडच उरलेलं नाही."

"पण बाई, रक्त यायचं म्हणून तर मी घासणं सोडलं."

"दातांच्या मुळाशी साचलेल्या घाणीने हिरडी सुजते, म्हणून रक्त येतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हाच यायचं होतंत. मी दात साफ केले असते, घरी तुम्ही दोन वेळा मऊ ब्रशने हिरडीच्या कडेने घासलं असतंत, दातांच्या फटीतून दोरा फिरवला असतात, तर वाचले असते हो."

"कवळी लावून वाजवता येईल?"

बाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "काहींना जमतं," त्या म्हणाल्या. ताई खिडकीकडे बघत राहिली.

त्याला नाही जमलं. आता तो त्याच बँडमध्ये झांजा वाजवतो. पलीकडच्या रस्त्यावर बाबाची रांग पुन्हा लागली आहे. मिरवणूक तिथून गेली की हा झांजा थांबवून रांगेपुढे उभा राहतो, बोटांनी ओठ वर करून ती खिंड दाखवतो आणि सांगतो, "अहो, रक्त आलं तर ब्रश टाकू नका, डॉक्टरकडे जा! माझं बघा!"

माणसं बघतात, हळहळतात आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकतात. वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुम्ही तरी त्या रांगेतून बाहेर पडा.